आनापानसती : मनाच्या प्रवाहाला बांध



विहारात त्रिशरण-पंचशील होते, बुद्धपूजा होते, आणि मग कोणीतरी म्हणतो, "आता पाच मिनिटे ध्यान करू या." सगळे डोळे मिटतात. पाच मिनिटांनी 'साधु, साधु, साधु' असा आवाज होतो आणि डोळे उघडतात. ह्या पाच मिनिटांत मनाने नेमके काय करायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही. कोणी घरखर्चाचा हिशेब करतो, कोणी उद्याच्या कामाचा विचार करतो, लहान मुले एक डोळा उघडून शेजाऱ्याकडे पाहत असतात. दोष त्यांचा नाही. ज्याला औत धरायला कोणी शिकवलेच नाही, त्याचे तास वाकडे गेले तर बोल कोणाला लावायचा? म्हणून ह्या लेखात त्या पाच मिनिटांचाच विचार करायचा आहे.

हा पाठ नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील उपासक-उपासिकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. त्याला दोन कारणे आहेत. एक फार जुने आहे, दुसरे अगदी आजचे.

जुने कारण असे. सुत्तनिपात ह्या पाली ग्रंथाच्या शेवटच्या वर्गाला पारायणवग्ग म्हणतात. त्यात बावरी नावाच्या एका वृद्ध आचार्याची कथा आहे. बावरी अस्सक देशात गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहत होता. अस्सक म्हणजे ढोबळमानाने आजचा गोदाकाठचा मराठवाडा आणि त्याला लागून असलेला तेलंगणाचा भाग. त्याची राजधानी पोतन म्हणजे बिलोलीच्या पलीकडचे आजचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हातारपणामुळे बावरीला स्वतः उत्तरेकडे जाणे शक्य नव्हते. त्याने आपले सोळा शिष्य भगवान बुद्धांकडे प्रश्न घेऊन पाठवले. पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती असा प्रवास करीत ते राजगृहाच्या पाषाणक चैत्यापर्यंत गेले. अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या महाविहाराला 'बावरीनगर' हे नाव ह्याच आचार्याचे आहे. पौष पौर्णिमेच्या धम्म परिषदेला तुमच्यापैकी अनेकजण तेथे जात असाल; पण बावरीच्या शिष्यांनी तिकडे जाऊन विचारले काय, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्या सोळांमध्ये पहिला प्रश्न विचारणारा अजित. त्याच्या प्रश्नांपैकी एकाचा आशय असा : सगळीकडून प्रवाह धावत आहेत, त्यांना अडवणारे काय आहे, आणि ते कायमचे बंद होतात ते कशाने? भगवंतांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, त्या प्रवाहांना अडवते ती सती, आणि त्यांना कायमचे बंद करते ती प्रज्ञा.

येथे शब्दाचा एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे. पालीतील 'सती' म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'. नवऱ्याच्या चितेवर बाईला जाळण्याच्या त्या अमानुष रूढीशी ह्या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. सती म्हणजे जागेपण, भान, आपण काय करीत आहोत ह्याची आठवण असणे.

गोदाकाठच्या माणसाने विचारलेला प्रश्न पाण्याच्या भाषेत असावा, ह्यात नवल नाही. नदीला पूर आला म्हणजे काय होते, ते त्याने पाहिलेले होते. आपणही पाहिले आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी अडवली आहे. त्या बांधाने नदी नाहीशी झाली नाही, तिचे पाणी हाताशी आले. मनाचेही असेच आहे. राग, भीती, हाव, अपमानाची सल, उद्याची काळजी हे सारे प्रवाह आहेत. त्यांना 'वाहू नका' असे म्हणून ते थांबत नाहीत. बांध घालावा लागतो. आणि अजिताला दिलेल्या उत्तराचा दुसरा भाग विसरू नका : बांध पाणी अडवतो, पण एवढ्याने काम संपत नाही, पुढचे काम प्रज्ञेचे आहे. ह्या मुद्द्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता आजचे कारण. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार, देगलूर, किनवट अशा तालुक्यांतून दरवर्षी हजारो मुले-मुली दहावीनंतर लातूरला आणि नांदेडला येतात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला आहे. डॉक्टर व्हायचे, इंजिनिअर व्हायचे, त्यासाठी नीट आणि जेईई ह्या परीक्षा द्यायच्या. आई-बाप कर्ज काढतात, जनावर विकतात, शेताचा तुकडा गहाण ठेवतात. मूल एका भाड्याच्या खोलीत तिघा-चौघांबरोबर राहते, पहाटे उठते, क्लासला जाते, रात्री उशिरापर्यंत पुस्तकापुढे बसते. डोळे ओळीवर असतात, मन गावाकडे असते. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, म्हणून आपल्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली. पण शिकणाऱ्या मनाची निगा कशी राखायची, हे त्यांना आपण सांगितले का? वह्या दिल्या, पुस्तके दिली, मोबाईलही दिला. मन मात्र त्यांचे त्यांनी सांभाळावे असे धरून चाललो.

अट्ठकथेप्रमाणे राहुल अठरा वर्षांचा होता, तेव्हा त्याला आनापानसतीचा उपदेश मिळाला. मज्झिमनिकायात महाराहुलोवाद नावाचे सुत्त आहे. त्यात भगवंतांनी राहुलाला आधी पृथ्वीसारखे मन कर असे सांगितले. जमिनीवर लोक चांगलेही टाकतात आणि घाणही टाकतात. जमीन त्याने ना हरखते, ना किळस करते. मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा सांगितल्या, आणि शेवटी श्वासावरील सती विस्ताराने सांगितली. लातूरच्या खोलीत बसलेले आपले मूल त्याच वयाचे आहे.

आनापानसती म्हणजे काय? 'आन' आणि 'अपान' म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. त्याचे भान ठेवणे ती आनापानसती. श्वास लांब असेल तर लांब आहे असे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे असे जाणायचे. तो लांब करायचा नाही, रोखायचा नाही, एका नाकपुडीने घेऊन दुसरीने सोडायचा नाही. हे शेवटचे सारे प्राणायामात येते. प्राणायाम वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण तो हा नव्हे. प्राणायामात तुम्ही श्वासाला वळण लावता. येथे श्वास जसा असेल तसा राहतो आणि मनाला वळण लागते. म्हणून ह्यात मंत्र नाही, देवाचे नाव नाही, डोळ्यांपुढे प्रकाश दिसला पाहिजे असा आग्रह नाही. ज्याला प्रकाश दिसला त्याने तो इतरांना सांगत फिरू नये, एवढेच.

येथे चांगला वाचक एक शंका घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात गृहत्यागानंतर सिद्धार्थ आळार कालामाकडे ध्यानमार्ग शिकतो, त्या ठिकाणी श्वासावर ताबा मिळवण्याच्या योग्यांच्या पद्धती सांगताना आनापानसती आणि प्राणायाम ही दोन नावे जवळजवळ आली आहेत. मग ही योग्यांचीच रीत नाही काय? ती आपण का घ्यावी?

उत्तर त्याच ग्रंथात आहे. अष्टांगिक मार्ग समजावून सांगताना बाबासाहेबांनी सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची सततची जागृती, दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा असा केला आहे. आणि सम्यक समाधीविषयी लिहिताना त्यांनी साधी समाधी आणि सम्यक समाधी ह्यांत स्पष्ट भेद केला आहे. साधी समाधी विकारांना तेवढ्यापुरते बाजूला सारते. ती संपली की विकार परत येतात. सम्यक समाधी मनाला कायमचे वळण लावते, कुशलाचाच विचार करण्याची सवय लावते. म्हणजे श्वासावर मन टिकवता येणे ही कसोटी नाही. बगळाही एका पायावर एकाग्र उभा असतो. त्याचे लक्ष माशावर असते. तुमचे शांत झालेले मन उठून कशाकडे वळते, ही कसोटी आहे. अजिताला मिळालेले उत्तर आणि बाबासाहेबांचा हा भेद एकाच दिशेचे आहेत : सती अडवते, बंद करते ती प्रज्ञा. ज्याला हे कळले त्याने खुशाल श्वासापासून सुरुवात करावी. बोधी प्राप्त झाल्यानंतरही भगवंतांनी इच्छानंगल येथे तीन महिन्यांच्या वर्षावासात बहुतांश काळ आनापानसतीत घालवला, असे संयुत्तनिकायात आहे. तेव्हा ही रीत त्यांनी टाकून दिलेली नव्हती, तिचा अर्थ बदलला होता.

प्रत्यक्ष कसे बसावे?

सतरंजीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले असू द्या. पाठ सरळ, पण ताठरलेली नको. हात मांडीवर. डोळे मिटा, किंवा झोप येत असेल तर अर्धे उघडे ठेवून समोरच्या जमिनीकडे पाहा. दार आतून लावून घ्या आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर बंद करून डब्यात ठेवा. हे मी गमतीने लिहीत नाही.

आता नाकाच्या टोकाशी, वरच्या ओठाच्या वर, श्वास लागतो ती जागा शोधा. आत येणारा हवेचा स्पर्श थोडा गार, बाहेर जाणारा थोडा उबदार असतो. तेथे मन बसवा.

ते बसणार नाही. दोन श्वासांनंतर ते उठून जाईल. म्हणून आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात नवशिक्यासाठी मोजणी सांगितली आहे. मोजणी पाचाच्या आत संपवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये, असा त्यांचा दंडक आहे. पाचाच्या आत मन कोंडल्यासारखे होते. दहाच्या पुढे ते श्वासाऐवजी आकड्यालाच धरून बसते.

ह्या मोजणीच्या दोन रीती त्यांनी दिल्या आहेत आणि दोन्ही आपल्या गावातल्या आहेत. पहिली धान्य मोजणाऱ्याची. तो माप भरतो, 'एक' म्हणतो आणि ओततो. पुन्हा भरताना काही काडी-कचरा दिसला तर तो काढून टाकतो आणि तोंडाने 'एक, एक' चालूच ठेवतो. आपल्याकडे खळ्यावर पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल होती, ती जुन्या माणसांना आठवत असेल. तुम्हीही तसेच करा. श्वास आत आला, बाहेर गेला, की मनात 'एक'. पुढचा आला, गेला, 'दोन'. असे दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. मध्येच विचार आला तर तो कचरा समजून काढून टाका आणि 'एक'पासून सुरू करा. कचऱ्यावर रागावणारा मापाडी कोणी पाहिला आहे काय?

दुसरी मोजणी गुराख्याची. गोठ्याच्या दाराशी बसून तो बाहेर पडणाऱ्या गाई खडे टाकीत भरभर मोजतो. गाई त्याच्यासाठी थांबत नाहीत. मन थोडे स्थिर झाले, श्वास आपोआप स्पष्ट दिसू लागला, की अशी हलकी, जलद मोजणी करायची. पुढे तीही सोडून द्यायची आणि नुसते पाहायचे.

पुण्यात १९७९ साली सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने महाराष्ट्रातील आपल्या वस्त्यांतून हीच साधना चार टप्प्यांत शिकवली : आधी श्वास सोडल्यावर मोजणे, मग श्वास घेण्याआधी मोजणे, मग न मोजता पाहणे, आणि शेवटी नाकाशी एका बिंदूवर लक्ष ठेवणे. १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आलेले सत्यनारायण गोयंका ह्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापान असते, पण तेथे मोजणी नसते. कोणती रीत बरोबर ह्यावर आपल्या काही कार्यकर्त्यांत तावातावाने वाद होतात. माझे मत विचाराल तर, ज्याला जी रीत कोणी समोर बसून नीट शिकवली असेल ती त्याने धरावी आणि सहा महिने बदलू नये. विहीर दहा ठिकाणी दोन-दोन हात खणून पाणी लागत नाही.

बुद्धघोषांनीच दिलेला आणखी एक दृष्टांत सांगतो. रानटी गाईच्या दुधावर वाढलेले वासरू वेसण मानत नाही. त्याला आईपासून दूर आणून खुंट्याला दाव्याने बांधतात. ते इकडे ओढते, तिकडे उड्या मारते, दमते, आणि शेवटी त्याच खुंट्याशी बसून राहते. श्वास हा खुंटा, सती हे दावे. पहिले काही दिवस ओढाओढच होणार. 'माझे मन फार चंचल आहे, मला ध्यान जमत नाही' असे जो म्हणतो, त्याला आपले मन चंचल आहे हे पहिल्यांदाच दिसले आहे. मन भटकले हे ज्या क्षणी कळले, तो क्षण सतीचाच आहे. म्हणून परत येण्याची लाज धरू नका. दहा मिनिटांत पन्नास वेळा परत आलात, तर पन्नास वेळा सती जागी झाली.

आनापानसती सुत्तात ह्या अभ्यासाच्या सोळा पायऱ्या आहेत, चार-चारांचे चार गट : काया, वेदना, चित्त आणि धम्म. त्यांचे विवेचन ह्या पाठात करीत नाही. पहिल्या गटातील चार पायऱ्या, म्हणजे लांब श्वास जाणणे, आखूड श्वास जाणणे, साऱ्या कायेचे भान ठेवून श्वास घेणे, आणि कायेची खळबळ शांत करीत श्वास घेणे, एवढ्या जरी कोणी वर्षभरात साधल्या तरी पुष्कळ झाले.

शरीर शांत होते ह्यात गूढ काही नाही. मनगटावर बोट ठेवून पाहा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. माणूस घाबरला की श्वास आखूड आणि वर-वर होतो; स्वस्थ असला की लांब आणि खोल होतो. श्वासाकडे नुसते लक्ष गेले तरी तो हळूहळू आपोआप लांबतो. महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने २०१० नंतरच्या वर्षांत इगतपुरीच्या विपश्यना संस्थेच्या सहकार्याने 'मित्र उपक्रम' ह्या नावाने शाळांतून आनापानाची दहा-दहा मिनिटे सुरू केली, ती ह्याच आधारावर. तुमच्या गावच्या शाळेत तो चालू आहे की फक्त कागदावर आहे, ह्याची चौकशी शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी अवश्य करावी.

ह्याने गुण वाढतील काय, असा प्रश्न आई-बाप विचारतात. तसे वचन कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. न केलेला अभ्यास श्वास पाहून होत नाही. मात्र केलेला अभ्यास भीतीपायी ऐन वेळी विसरतो, तो विसरू नये ह्यासाठी ह्याचा उपयोग आहे. परीक्षेच्या खोलीत प्रश्नपत्रिका हातात आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, पेन खाली ठेवा, तीन श्वास आत-बाहेर पूर्ण जाणा, मग पहिला प्रश्न पुन्हा वाचा. पण हे त्या दिवशी प्रथमच करून चालणार नाही. २०१६ सालच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. मनाच्या बाबतीत अशी रेल्वे कोठूनही येत नाही. साठा आधीच करावा लागतो.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना लेखणी जड होते, पण ती टाळता येत नाही.

संयुत्तनिकायात आणि विनयात वैशालीचा एक प्रसंग आहे. भगवंतांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभत्वाचे चिंतन सांगितले आणि ते स्वतः एक पंधरवडा एकांतात राहिले. परत आले तेव्हा भिक्खुसंघ विरळ झालेला दिसला. त्यांनी आनंदांना कारण विचारले. चिंतनाचा विपरीत परिणाम होऊन अनेक भिक्खूंना स्वतःच्या देहाची शिसारी आली होती आणि त्यांनी आपले जीवन संपवले होते. दुसरा काही मार्ग सांगावा, अशी आनंदांनी विनंती केली. भगवंतांनी उरलेल्या सर्वांना एकत्र बोलावले आणि आनापानसती सांगितली. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडालेली धूळ अवकाळी आलेला मोठा पाऊस जशी जागच्या जागी बसवतो, तशी ही साधना मनात उठलेले अकुशल शांत करते, असा दृष्टांत त्यांनी दिला.

मे महिन्यातला आपला फुफाटा आठवा, म्हणजे हा दृष्टांत कळायला अट्ठकथेची गरज पडणार नाही. आणि प्रसंगही नीट लक्षात घ्या. निराशेने आपली माणसे जात आहेत हे पाहिल्यावर ही साधना दिली गेली. मराठवाड्यात कर्जाने खचलेले शेतकरी गेले, निकालाच्या आधी आणि नंतर विद्यार्थी गेले. वैशालीत तरी विचारणारे कोणी होते. संघात कोण दिसत नाही ते भगवंतांनी पाहिले आणि चौकशी केली. आपल्या वस्तीत कोण चार दिवस दिसला नाही, हे पाहणारा कोणी आहे काय?

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. ज्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो, त्याने एकट्याने खोलीत बसून श्वास पाहत राहू नये. त्याने कोणाला तरी सांगितले पाहिजे : आईला, मित्राला, शिक्षकाला, विहारातल्या वडीलधाऱ्याला. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरांचे औषध चालू असेल तर ध्यान सुरू केले म्हणून ते बंद करू नये. कल्याणमित्र हे धम्मजीवनाचे अर्धे अंग असावे, असे आनंद एकदा म्हणाले, तेव्हा भगवंतांनी त्यांना दुरुस्त केले : अर्धे नव्हे, पूर्ण.

दुसरी गोष्ट, ज्यांनी मोठा आघात सोसला आहे त्यांच्यासाठी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली. मातीच्या ढिगाऱ्याखाली श्वास कोंडलेली माणसे त्यातून बाहेर आली, आज ती साठी-सत्तरीची आहेत. अशा माणसाने डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले तर कधीकधी शांती येत नाही, तीच पहाट परत येते. त्याने डोळे उघडावेत, तळपाय जमिनीवर दाबावेत, उठून चार पावले चालावीत. चालताना पावलांचे भान ठेवणे हीसुद्धा सतीच आहे. जबरदस्तीने बसवून कोणाचे भले होत नाही.

शेवटी एक आक्षेप राहतो, आणि तो आपल्याच तरुणांचा आहे. 'आमच्यावर अन्याय होतो तेव्हा आम्ही श्वास मोजत बसायचे काय? राग शांत झाला तर लढा कोण देणार?' हा प्रश्न नांदेड जिल्ह्यातील तरुणाने विचारावा, ह्याला इतिहास आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील आमच्या वस्त्या जळाल्या. ह्याच जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एवढे सोसलेल्या समाजाला 'शांत राहा' असे सांगणाऱ्याने जपून बोलले पाहिजे.

पण महाडचे उदाहरण पाहा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या लोकांवर काठ्यांनी हल्ला झाला. बायका-मुलेही सुटली नाहीत. बदला घेण्यास आपली माणसे तयार होती, त्यांत सैन्यात नोकरी केलेले पेन्शनरही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ते भ्याले होते असे म्हणण्याची छाती कोणाची आहे? त्यांनी राग टाकला नाही, त्याला दिशा दिली. डिसेंबरमध्ये ते पुन्हा महाडला गेले, आणि तळ्याचा खटला दहा वर्षे लढून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. बाबासाहेब त्या वेळी आनापान करीत होते असे मला सुचवायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, ज्याचे मन त्याच्या ताब्यात आहे तोच दहा वर्षांचा लढा लढू शकतो. दुसऱ्याने चिथावले की पेटणारे मन दुसऱ्याच्याच ताब्यात असते. चिथावणीचा मजकूर मोबाईलवर आला आणि पुढे पाठवण्यास बोट उचलले, त्या क्षणी एक श्वास पूर्ण पाहा. मग पाठवायचा की पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची, की सोडून द्यायचे, ते ठरवा. त्या एका श्वासात सतीचे काम झाले. ठरवणे हे प्रज्ञेचे.

आता पुढील पंधरा दिवसांचा अभ्यास. पहिले पाच दिवस सकाळी तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी, दहा मिनिटे धान्य मोजणाऱ्याची मोजणी करा. रात्री जेवल्याबरोबर बसू नका, झोप येईल. सहाव्या दिवसापासून विद्यार्थ्यांनी अभ्यासाला बसण्यापूर्वी आणखी दहा श्वासांची एक मोजणी जोडावी. अकराव्या दिवसापासून शेवटची दोन-तीन मिनिटे मोजणी सोडून नुसते पाहावे, आणि उठण्यापूर्वी ज्याच्याशी आपले पटत नाही अशा एका माणसाचे भले चिंतावे. राहुलाला मैत्री आधी सांगितली होती, हे ध्यानात असू द्या. सर्दीने नाक बंद असेल तर नाकाचा हट्ट सोडून पोटाच्या वर-खाली होण्याकडे लक्ष ठेवा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनीही तसेच करावे.

विहारात मात्र पाच मिनिटांचे ध्यान जाहीर करण्यापूर्वी एकाने उभे राहून श्वासाची जागा आणि मोजणी दोन वाक्यांत सांगावी. हे काम दर रविवारी वेगळ्या मुला-मुलीकडे द्यावे. घंटा नसेल तर तांब्यावर चमच्याने टिचकी मारली तरी चालते. एका वहीत रोज बसलात की नाही एवढेच लिहा, काय दिसले ते लिहू नका. आणि पंधराव्या दिवशी ती वही विहारात घेऊन या.